साध्या फोनपासून सुरुवात : अनेक उपकरणांवर चालणाऱ्या ॲपची बांधणी

मोबाइल ॲप नाना प्रकारच्या उपकरणांवर चालले पाहिजे, असे म्हटले की पुष्कळांच्या मनात प्रथम स्क्रीनच्या लहानमोठ्या आकारांचा विचार येतो. वास्तविक आकार हा या प्रश्नाचा सर्वांत सोपा भाग आहे. बोरिवलीहून चर्चगेटकडे किंवा मुलुंडहून मुंबईकडे निघालेल्या लोकलच्या एकाच डब्यात अलीकडेच घेतलेला महागडा फोन असतो, घरातल्या मोठ्या भावंडाने वापरून पुढे दिलेला पाच-सहा वर्षांचा फोन असतो, तडा गेलेल्या काचेवर दुसरी काच चिकटवलेला फोन असतो आणि बटणांचा साधा फोनही असतो. या उपकरणांत मेमरी, प्रणालीची (ऑपरेटिंग सिस्टीमची) आवृत्ती, बॅटरीची अवस्था, नेटवर्कचा जोर आणि अक्षरे दाखवण्याची क्षमता या सगळ्यांतच तफावत असते. त्यामुळे जो ॲप घडवणार आहे त्याने आपल्या कामाचा आरंभ सर्वांत चांगल्या फोनपासून न करता सर्वांत दुबळ्या फोनपासून करावा आणि वरच्या फोनांवर अधिक सोयी चढवत न्याव्यात, हे या लेखाचे प्रतिपादन आहे. उलट दिशेने केलेले काम, म्हणजे आधी भरगच्च ॲप बनवून नंतर त्यातून काहीतरी कापत जाणे, बहुधा अपुरे राहते, कारण जे कापायचे त्यावर उरलेला डोलारा तोवर उभा राहिलेला असतो.

या प्रतिपादनाचा आधार मुंबईकरांच्या रोजच्या वापरातच आहे. सचिन टेके यांनी घडवलेले ‘एम-इंडिकेटर’ हे ॲप आरंभी बटणांच्या, जावा चालवणाऱ्या फोनांसाठी होते आणि पुढे ते अँड्रॉइड व आयफोनवर आले. लोकलचे वेळापत्रक त्याने फोनमध्येच साठवले, त्यामुळे गर्दीच्या वेळी नेटवर्क गळाले तरी पुढची गाडी किती वाजता हे कळत राहिले. माहिती उपकरणातच ठेवून इंटरनेटशिवाय काम चालू ठेवण्याच्या या रचनेला ‘ऑफलाइन-फर्स्ट’, म्हणजे आधी ऑफलाइन, असे म्हणतात. अशी रचना महाग पडते असा समज आहे, तो हिशेब मांडला की दूर होतो. मुंबईत पश्चिम आणि मध्य रेल्वेच्या मिळून दिवसाला तीन हजारांहून अधिक उपनगरी फेऱ्या होतात. मध्यरात्रीपासूनची मिनिटे मोजली तर दिवसातली कोणतीही वेळ ० ते १४३९ या संख्यांत बसते आणि अशी संख्या दोन बाइटांत मावते. तीन हजार फेऱ्या आणि प्रत्येक फेरीचे तीस थांबे धरले तर ९०,००० वेळांसाठी १,८०,००० बाइट लागतात, म्हणजे फोनने काढलेल्या एका छायाचित्राहूनही पुष्कळ कमी. जी माहिती इतक्या थोड्या जागेत राहू शकते ती प्रत्येक वेळी सर्व्हरकडे मागणे हा वापरणाऱ्याच्या डेटाचा आणि वेळेचा अपव्यय आहे.

साठवण्याची रचना ठरवताना मात्र विषयाचे ज्ञान हवे. मध्यरात्रीनंतर चर्चगेटहून बोरिवलीकडे सुटणारी गाडी तारखेने दुसऱ्या दिवसाची असली तरी वेळापत्रकाच्या दृष्टीने आदल्या दिवसाची असते, म्हणून तिची वेळ १४४० च्या पुढे मोजणे सोयीचे ठरते. रविवारचे वेळापत्रक वेगळे असते आणि दुरुस्तीसाठी मार्ग काही तास बंद ठेवणाऱ्या मेगाब्लॉकमुळे तेही बदलते. स्थानकांची नावेही स्थिर नसतात. छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या नावात २०१७ मध्ये ‘महाराज’ हा शब्द आला, एल्फिन्स्टन रोडचे २०१८ मध्ये प्रभादेवी झाले, तर जोगेश्वरी आणि गोरेगाव यांच्यामध्ये राम मंदिर हे नवे स्थानक डिसेंबर २०१६ मध्ये सुरू झाले. स्थानकाची ओळख त्याच्या नावाने साठवलेली असेल तर असा प्रत्येक बदल जुन्या नोंदी मोडून टाकतो. म्हणून ओळखीसाठी न बदलणारा संकेत वापरावा, नाव केवळ दाखवण्यापुरते ठेवावे आणि वेळापत्रकाची माहिती ॲपच्या प्रोग्रामपासून वेगळी ठेवून तिचे छोटे अपडेट स्वतंत्रपणे उतरवता येईल अशी सोय करावी. जुन्या फोनमध्ये जागा नसल्यामुळे पूर्ण ॲप अपडेट न करणारे लोक बरेच असतात, त्यांनाही नवे वेळापत्रक तरी मिळते.

आता स्क्रीनकडे वळता येईल. स्क्रीनवरील सर्वांत लहान ठिपक्याला पिक्सेल म्हणतात, परंतु पिक्सेलांत मापे देणे चुकीचे आहे, कारण एकाच रुंदीच्या दोन फोनांत पिक्सेलांची दाटी निराळी असते. अँड्रॉइडमध्ये त्यासाठी ‘डीपी’ हे एकक आहे : एका इंचात १६० ठिपके असतील तेथे एक डीपी म्हणजे एक पिक्सेल, आणि दाटी वाढेल तसे एका डीपीत अधिक पिक्सेल. ७२० पिक्सेल रुंदीचा आणि ३२० दाटीचा स्वस्त फोन तसेच १०८० पिक्सेल रुंदीचा आणि ४८० दाटीचा महाग फोन, हे दोन्ही या हिशेबाने ३६० डीपी रुंदीचे ठरतात आणि एकच मांडणी दोघांवर बसते. फोल्डेबल फोन, टॅबलेट आणि स्क्रीन दुभागून दोन ॲप चालवण्याची सोय यांमुळे उपकरणाचे नाव किंवा प्रकार ओळखून मांडणी ठरवण्याची जुनी रीत निरुपयोगी झाली आहे. ॲपला त्या क्षणी किती रुंदीची खिडकी मिळाली आहे एवढेच पाहावे. गुगलच्या मार्गदर्शनानुसार ६०० डीपीहून कमी, ६०० ते ८४० आणि ८४० व त्याहून अधिक असे तीन मुख्य वर्ग पुरतात. अरुंद खिडकीत गाड्यांची यादी दाखवावी, रुंद खिडकीत यादीशेजारीच निवडलेल्या गाडीचे थांबे दाखवावेत. बोटाने दाबायच्या जागेसाठी अँड्रॉइडवर ४८ डीपी आणि आयफोनवर ४४ पॉइंट हे किमान माप सुचवलेले आहे, म्हणजे साधारण पाऊण सेंटीमीटर; मात्र एका हाताने वरची कडी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने फोन चालवणाऱ्या प्रवाशासाठी मुख्य बटण याहून मोठे आणि स्क्रीनच्या खालच्या भागात असणे इष्ट. जुलैत ओल्या बोटांचा स्पर्श स्क्रीन नीट ओळखत नाही, म्हणून दोन बोटांनी करायच्या किंवा बोट ओढून करायच्या कृतीला दाबण्याच्या साध्या बटणाचा पर्याय नेहमी ठेवावा.

मराठी अक्षरांचा प्रश्न याहून गहन आहे आणि त्याकडे आवश्यक तितके लक्ष दिले जात नाही. देवनागरीत मात्रा, रफार आणि अनुस्वार शिरोरेषेच्या वर जातात, उकार व जोडाक्षरांचे भाग खाली उतरतात. त्यामुळे इंग्रजीसाठी ठरवलेल्या उंचीच्या चौकटीत ‘कांजूरमार्ग’ किंवा ‘कुर्ल्याकडे’ हे शब्द वरून वा खालून कापले जातात. मजकुराच्या चौकटीला ठरावीक उंची देऊ नये, ती मजकुराबरोबर वाढू द्यावी. ‘छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस’ हे नाव अरुंद स्क्रीनवर एका ओळीत मावत नाही हे आधीच गृहीत धरावे आणि त्याला दुसरी ओळ द्यावी. शेवटी तीन टिंबे देऊन नाव तोडणे हा उपाय नव्हे. वडीलधारी माणसे फोनमधील अक्षरे मोठी करून ठेवतात, आणि २०२३ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १४ पासून ती २०० टक्क्यांपर्यंत वाढवता येतात. म्हणून ॲपचा प्रत्येक पडदा, म्हणजे एका वेळी दिसणारे पान, मराठी भाषा आणि सर्वांत मोठी अक्षरे या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून तपासावा. जो पडदा या कसोटीला उतरतो तो इतर बहुतेक भाषांत आणि आकारांत तग धरतो. फोनमधील फॉन्टवर भरवसा नसेल तर मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेला ‘मुक्त’ यासारखा खुला फॉन्ट ॲपसोबत देता येतो, परंतु त्याच्या सगळ्या जाडी न देता लागणाऱ्या एक-दोनच द्याव्यात, नाहीतर ॲपचा आकार अकारण फुगतो.

शोधाच्या चौकटीत मराठी टंकलेखनाची आणखी एक अडचण येते. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या सर्वमान्य संकेतसंचात, ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर २००८ मध्ये आले. त्याआधीपासून अनेक कीबोर्ड ‘अ’ला अर्धचंद्र जोडून तेच रूप बनवतात. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, संगणकाला मात्र ती भिन्न वाटतात, आणि युनिकोडची प्रमाणीकरणाची नेहमीची रीतही त्यांना एक करत नाही. ‘ऱ’ या अक्षराचेही नुक्त्यासह आणि नुक्त्याविना असे दोन संकेतक्रम होतात, पण ते त्या प्रमाणीकरणाने एक होतात. म्हणून शोधण्यापूर्वी वापरणाऱ्याचा मजकूर आणि साठवलेली नावे या दोहोंचे प्रमाणीकरण करावे, ‘ॲ’साठी वेगळा नियम लिहावा, आणि रोमन लिपीत लिहिलेल्या नावालाही मराठी नावाशी जोडावे, कारण मराठी बोलणारे पुष्कळ लोक फोनवर रोमन लिपीतच लिहितात.

सर्वांत जास्त मनस्ताप मात्र मेमरीच्या तुटवड्यातून होतो. मेमरी म्हणजे फोनचे तात्पुरते कामाचे ठिकाण. ती अपुरी पडली की प्रणाली मागे ठेवलेली ॲप न सांगता बंद करते. तिकिटाचे ॲप पैसे भरण्यासाठी यूपीआयच्या ॲपकडे जाते, ते उघडताच दुबळ्या फोनवर तिकिटाचे ॲप बंद पडते, पैसे खात्यातून जातात आणि परतल्यावर प्रवाशासमोर पहिलाच पडदा येतो. प्रवासी घाबरून पुन्हा पैसे भरतो. महागड्या फोनवर ही अवस्था सहसा येत नाही, म्हणून ॲप घडवणाऱ्यांच्या ती लक्षातही येत नाही. यावरचा इलाज असा की यूपीआयकडे पाठवण्यापूर्वीच व्यवहाराचा एकमेव क्रमांक ठरवून फोनच्या कायम साठवणीत लिहावा. ॲप पुन्हा उघडताच त्या क्रमांकाचे काय झाले हे सर्व्हरला विचारावे. उत्तर येईपर्यंत ‘पैशांची खात्री करून घेत आहोत, पुन्हा पैसे भरू नका’ असे स्पष्ट मराठीत दाखवावे. आणि एकाच क्रमांकाची मागणी दोनदा आली तरी सर्व्हरने तिकीट एकच द्यावे. अँड्रॉइडच्या डेव्हलपर पर्यायांत ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ नावाची सोय आहे; ती चालू केली की पडदा सोडताच नष्ट होतो आणि ही अवस्था चांगल्या फोनवरही बऱ्याच अंशी ओढवून पाहता येते. पैशांचा व्यवहार असलेले कोणतेही ॲप या परीक्षेवाचून लोकांच्या हाती देऊ नये.

मेमरी वाचवण्याचे सर्वांत सोपे ठिकाण म्हणजे चित्रे. ४००० बाय ३००० पिक्सेलांचे छायाचित्र साठवणीत तीन-चार मेगाबाइटचे दिसले तरी उलगडल्यावर प्रत्येक पिक्सेलला चार बाइट लागतात, म्हणजे मेमरीत ४ कोटी ८० लाख बाइट होतात. अशी चार छायाचित्रे एका यादीत आणली की स्वस्त फोन अडखळतो. चित्र जितक्या आकारात दाखवायचे तितक्याच आकारात उलगडावे, आणि शक्य असेल तर सर्व्हरनेच लहान करून पाठवावे.

तिकिटाच्या ॲपांत ठिकाण ओळखण्याचा भागही नाजूक आहे. सीआरआयएस या रेल्वेच्या संस्थेचे यूटीएस ॲप २०१४ च्या अखेरीस मुंबईत आले, २०१५ मध्ये त्यावर कागदविरहित तिकीट मिळू लागले, आणि गाडीत बसल्यावर तिकीट काढले जाऊ नये म्हणून त्यात जीपीएसवर आधारलेले कुंपण ठेवले गेले. अशा कुंपणाचा अनुभव ठिकाणागणिक आणि फोनागणिक बदलतो, कारण उंच इमारतींवरून उपग्रहाचे संकेत परावर्तित होऊन येतात. घाटकोपरला तर रेल्वे स्थानकालगतच मेट्रोचे उन्नत स्थानक आहे, त्यामुळे प्रवासी नेमका कोठे आहे हे ओळखणे आणखी अवघड होते. फोन आपले ठिकाण सांगताना त्यासोबत अचूकतेची त्रिज्याही सांगतो आणि ती वाचल्याशिवाय कोणताही निर्णय घेऊ नये : त्रिज्या दोनशे मीटर असेल तर प्रवासी फलाटावर आहे की रस्त्यावर, हे सांगता येत नाही, आणि अशा वेळी नकार देण्याऐवजी क्यूआर कोड वाचण्यासारखा दुसरा मार्ग पुढे करावा. शिवाय २०२० च्या आयओएस १४ पासून आणि २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून वापरणाऱ्याला केवळ ढोबळ ठिकाण देण्याचा हक्क आहे. तो वापरणाऱ्यासही ॲप उपयोगी पडले पाहिजे.

मेट्रोच्या दारावर दाखवायच्या क्यूआर कोडसाठी काही नियम पाळावेत. कोड गडद आणि पार्श्वभूमी पांढरी असावी, भोवती कोडमधील चार चौकटींइतकी मोकळी जागा असावी, कोड दिसताना स्क्रीनचा उजेड आपोआप वाढावा आणि कोड फोनमध्ये साठवलेला असावा. काही फोन बॅटरी वाचवण्यासाठी सगळ्या ॲपांवर जबरीने गडद रंग चढवतात आणि त्यात कोडचे रंग उलटण्याचा धोका असतो. त्या पडद्यापुरती ही सक्ती बंद करण्याची सूचना प्रोग्राममध्ये द्यावी.

बटणांच्या फोनांचा विचार आता कालबाह्य झाला, असे मानणे घाईचे होईल. २०१७ च्या जिओफोनमध्ये कायओएस ही प्रणाली, २.४ इंचांचा स्पर्शाविना स्क्रीन आणि ५१२ मेगाबाइट मेमरी होती. अशा फोनसाठी वेगळे ॲप करणे छोट्या गटाला परवडत नसेल, तर हलके संकेतस्थळ द्यावे, जे दिशादर्शक बटणांनी पूर्ण चालवता येईल. कोणत्या बटणानंतर कोणत्या जागी लक्ष सरकते याचा क्रम नीट बांधला की त्याचा लाभ टीव्हीच्या रिमोटला, कीबोर्ड जोडलेल्या टॅबलेटला आणि टॉकबॅक वा व्हॉइसओव्हर या पडदावाचकांवर अवलंबून असलेल्या दृष्टिहीन प्रवाशांनाही होतो. मजकूर एसएमएसने पाठवायचा असल्यास एका संदेशात रोमन लिपीची १६० अक्षरचिन्हे मावतात, पण देवनागरीची ७० च मावतात, आणि त्यात काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात. मराठी संदेश आधीच आटोपशीर लिहावा. नवे ॲप करावेच लागते असेही नाही : वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मार्गावरील मेट्रोने व्हॉट्सॲपवरून तिकीट देण्याची सोय केली, आणि ज्यांच्या फोनात आणखी एका ॲपला जागा नाही त्यांच्या दृष्टीने तो योग्य विचार होता.

प्रोग्राम कशात लिहावा, हा प्रश्न नवशिक्यांना फार मोठा वाटतो, तितका तो नाही. २०१५ मध्ये आलेले रिॲक्ट नेटिव्ह फोनच्या स्वतःच्या बटणांचा व चौकटींचा वापर करते. २०१८ च्या अखेरीस पहिली स्थिर आवृत्ती आलेले फ्लटर सगळे स्वतः रेखाटते, त्यामुळे ते सर्वत्र सारखे दिसते. कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म हिशेबाचा व नियमांचा भाग सामायिक ठेवून पडदे प्रत्येक प्रणालीसाठी निराळे लिहू देते. दोन-तीन जणांच्या गटाने यांपैकी जे येत असेल ते निवडावे. महत्त्व याला आहे की भाडे काढणे, वेळ शोधणे, तिकिटाची वैधता ठरवणे हे नियम पडद्यापासून अलग लिहिलेले असावेत, म्हणजे उद्या घड्याळावर किंवा संकेतस्थळावर तेच नियम नेता येतात आणि त्यांची चाचणी फोनाशिवाय होते. प्रणालीची किती जुनी आवृत्ती चालवायची हे ठरवताना वगळले जाणारे लोक कोण, हे पाहावे. २०१३ मध्ये आलेल्या अँड्रॉइड किटकॅटला मिळणारा गुगल प्ले सेवांचा पाठिंबा २०२३ मध्ये थांबला. काही फोन दहा वर्षेही वापरात राहतात, आणि एवढी वर्षे फोन टिकवणारा माणूस बहुधा नवा घेऊ न शकणारा असतो.

चाचणीसाठी संगणकावरील आभासी फोन, म्हणजे एम्युलेटर, मांडणी तपासण्यापुरता चांगला. उष्णतेने मंदावलेला प्रोसेसर, दमलेली बॅटरी आणि भरलेली साठवण तो दाखवत नाही. उपनगरांत अनेक स्थानकांबाहेर जुन्या मोबाइलची खरेदी-विक्री चालते, तेथून दोन-तीन गिगाबाइट मेमरीचे, निरनिराळ्या कंपन्यांचे तीन-चार फोन घ्यावेत, आणि कंपन्या निरनिराळ्याच असाव्यात, कारण मागे चालणारी कामे बंद करण्याचे प्रत्येकीचे नियम वेगळे असतात. गाडी चुकू नये म्हणून लावलेली आठवण एका फोनवर वाजते आणि दुसऱ्यावर वाजतच नाही. या फोनांची साठवण मुद्दाम छायाचित्रांनी भरावी, भाषा मराठी ठेवावी, बॅटरी बचत चालू करावी आणि ते घेऊन सकाळी साडेआठच्या सुमारास अंधेरीहून दादरपर्यंत प्रवास करावा. उभे राहून, एका हाताने, नेटवर्क येत-जात असताना तिकीट निघते का, हे तेथेच समजते.

ॲप प्रसिद्ध करताना ते एकदम सर्वांना न देता टप्प्याटप्प्याने द्यावे. प्ले स्टोअरवर आरंभी काही टक्के लोकांनाच नवी आवृत्ती देण्याची सोय आहे. बंद पडण्याच्या नोंदी सरासरीने न वाचता मेमरीच्या वर्गानुसार व प्रणालीच्या आवृत्तीनुसार वेगळ्या करून वाचाव्यात, कारण एकंदर प्रमाण अत्यल्प दिसत असताना दोन गिगाबाइटच्या फोनांवर ते कितीतरी पट असू शकते. त्या वर्गात बिघाड वाढलेला दिसताच प्रसार थांबवावा. सर्व्हरने मागील आवृत्त्यांना उत्तर देणे शक्य तितकी वर्षे चालू ठेवावे, आणि ते बंद करायची वेळ आलीच तर काही महिने आधीपासून जुन्या ॲपमध्येच मराठीत सूचना देऊन हलक्या संकेतस्थळाचा पत्ता दाखवावा, म्हणजे ज्याच्या फोनवर नवी आवृत्ती बसत नाही त्यालाही तिकीट काढता येईल.